तासाभरात जंतू सांगणारं मशीन ३० खाटांच्या रुग्णालयाने घ्यावं का?

विट्याच्या एका फिजिशियन डॉक्टरांनी विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: ३० खाटांचं रुग्णालय, त्यात ६ खाटांचं आयसीयू. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी) सांगलीच्या लॅबला जातं, रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतात, तोवर मेरो (मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक) आणि अंदाज यांवर गाडी चालते. आता कंपनीचा माणूस येऊन गेलाय. मशीन आम्ही ठेवतो, किट तेवढे घ्या, तासाभरात जंतूचं नाव आणि रेझिस्टन्स (कुठल्या औषधाला तो दाद देत नाही ते) हातात, असं तो सांगतो. मशीन घ्यावं का, घेतलं तर कल्चरचा खर्च वाचेल का, आणि नातेवाइकांना काय सांगायचं?

डॉक्टर, दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे: नाही वाचणार. या प्रकारच्या बहुतेक पॅनेलना (एकाच वेळी अनेक जंतूंची जनुकं शोधणाऱ्या चाचण्यांना) पेशंटचं ताजं रक्त चालत नाही, पॉझिटिव्ह आलेली कल्चरची बाटली लागते. तुमच्याकडे बायोफायर कंपनीच्या बीसीआयडी-२ पॅनेलसारखं काही दाखवलं असेल, तर त्याच्या पाऊचमध्ये (एकदाच वापरायच्या किटमध्ये) जातं ते जेमतेम २०० मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचा हिशोब. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने गंभीर झालेल्या) मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू किती असतात? पुष्कळदा एका मिलीत एक ते दहा, कधी त्याहूनही कमी. त्या २०० मायक्रोलिटरमध्ये एखाद-दुसरा जंतू आला तर आला, नाहीतर एकही नाही. म्हणून आधी १० मिली रक्त बाटलीत घालायचं, जंतू वाढू द्यायचे, कल्चरच्या मशीनने (हे पॅनेलच्या मशीनहून वेगळं) बाटली पॉझिटिव्ह दाखवली, म्हणजे बाटली ‘वाजली’, की त्या वेळी एका मिलीत कोट्यवधी झालेले असतात. त्यातलं थोडं पॅनेलला. तासाभरात हे खरं आहे, पण तो तास बाटली वाजल्यानंतर सुरू होतो.

थेट रक्तावर चालणाऱ्या चाचण्याही आहेत. टी-टू बॅक्टेरिया नावाच्या पॅनेलला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, ते थेट रक्तावर काही तासांत उत्तर देतं. पण ते मोजक्याच जंतूंना ओळखतं आणि कल्चर त्याच्या जोडीला करावंच लागतं. तुमचा प्रश्न त्याचा नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

आता तुमच्या प्रश्नातली खरी अडचण. पॅनेलचं मशीन विट्यात असेल आणि कल्चरची बाटली सांगलीत वाजत असेल, तर त्या मशीनवर लावायचं काय? बाटली परत विट्याला आणायची? कंपनीच्या माणसाने हे बोलून दाखवलं नसेल. त्यामुळे मशीन घेऊ का, याच्याआधी विचारायचा प्रश्न आहे की तुमच्या एका बाटलीचे तास नेमके कुठे जातात.

एक बाटली धरून चालू. शनिवारी संध्याकाळी ७ ला पेशंट थंडी वाजून, बीपी पडलेल्या अवस्थेत आला. ८ वाजता रक्त घेतलं, पहिला डोस गेला. लॅबचा मुलगा सकाळी १० ला बाटल्या न्यायला येतो, पण रविवारी नाही. सोमवारी सकाळी त्याने बाटली उचलली, तासगावात आणखी दोन दवाखाने केले, दुपारी १ वाजता सांगलीत बाटली मशीनमध्ये गेली. हे झाले ४१ तास. बाटली रात्री २ वाजता वाजली. टेक्निशियन ९ ला आला. आणखी ७ तास. मंगळवारी साडेनऊला ग्रॅम स्टेन (जंतू काचेवर रंगवून बघणं; जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह) आणि सबकल्चर (बाटलीतलं थोडं प्लेटवर वाढवणं), बुधवारी सकाळी प्लेटवर वाढ, सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध चालतं ती तपासणी) लावली, गुरुवारी सकाळी १० ला रिपोर्ट. एकूण ११० तास.

यात पॅनेल वाचवतं ते मंगळवार सकाळ ते गुरुवार सकाळ, म्हणजे साधारण ४७ तास. आणि बाटली रविवारी कपाटावर आणि मंगळवारी पहाटे मशीनमध्ये नुसती पडून होती ते तास झाले ४८, ज्यातले ४५ तरी वाचवायला कुठल्याही पाऊचची गरज नाही. शनिवारी रात्रीच बाटली घेऊन जाणारा माणूस आणि पहाटे २ ला ग्रॅम स्टेन करणारा माणूस लागतो. पैसे खर्चायचेच असतील तर ते इथे आधी खर्चावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडून राहिलेल्या बाटलीचा तोटा नुसता उशिराचा नसतो. मशीन बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या चढाकडे बघतं. एप्रिल-मे महिन्यात विट्याच्या बंद खोलीत बाटली दीड दिवस राहिली तर जंतू तिथेच भरभर वाढून घेतात, आणि मशीनमध्ये जाईपर्यंत चढ संपलेला असू शकतो. मग बाटली जंतूंनी भरलेली असूनही निगेटिव्ह येते. उलट कुणी काळजीपोटी फ्रीजमध्ये ठेवली तर नाजूक जंतू मरतात. सिस्टरना एकच नियम सांगा: फ्रीज नाही, साधा इनक्युबेटर नाही, एसी खोलीच्या तपमानाला उभी ठेवा आणि दोन तासांत, फार तर चार तासांत मशीनपर्यंत पोचवा. विटा ते सांगली दीडेक तासाचा रस्ता आहे, हे जमण्यासारखं आहे. जत-आटपाडीकडच्यांना ते जड जातं, म्हणून त्यांना माझा सल्ला थोडा वेगळा असतो. तो खाली येईल.

बाटली भरण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. छोट्या दवाखान्यांतून येणाऱ्या बाटल्यांत सर्रास दिसतं ते असं: एकच एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) बाटली, त्यात ३ मिली रक्त, तेही सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून). मोठ्या माणसाला दोन सेट लागतात, म्हणजे दोन वेगळ्या टोचण्या, चार बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिली. एका सेटने साधारण ७० टक्के पेशंटमध्ये जंतू सापडतो, दोन सेटने ९० च्या आसपास. जवळपास २० टक्के पेशंटचं निदान दुसऱ्या टोचणीवर अवलंबून असताना आपण हजारोंच्या पाऊचची चर्चा करतो, याची गंमत वाटते. शिवाय दुसरा सेट नसेल तर कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ आला की तो कातडीचा की रक्तातला, हे कुणालाच सांगता येत नाही. पॅनेललाही नाही. ते निमूटपणे ‘स्टॅफ एपिडर्मिडिस, मेक-ए पॉझिटिव्ह’ छापतं (मेक-ए म्हणजे स्टॅफच्या नेहमीच्या औषधांना दाद न देण्याचं जनुक) आणि पेशंटला आठवडाभर व्हॅन्को, म्हणजे व्हॅन्कोमायसिन, चालू राहतं.

टोचण्याआधी २ टक्के क्लोरहेक्सिडिन असलेलं स्पिरिट, अर्धा मिनिट घासून, अर्धा मिनिट वाळू द्यायचं. पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही, पुन्हा बोटाने शीर चाचपायची नाही. बेटाडिन वापरत असाल तर दीड ते दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच होत नाही. बाटलीचं टोपण काढल्यावर आतलं रबर निर्जंतुक असतं असा समज आहे. तसं नसतं, त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. आयोडिन मात्र रबरावर नको. बटरफ्लायने घेत असाल तर एरोबिक बाटली आधी, कारण नळीतली हवा तिच्यात जाते; सिरिंजने घेत असाल तर अ‍ॅनेरोबिक आधी. बाटलीवर भरायच्या पातळीची खूण बॉलपेनने आधीच करून ठेवा, बाटली आपली भरते तेवढी भरू देत बसलं की मोजमाप चुकतं. आणि विट्यात तुमच्याकडे येण्याआधी बहुतेक पेशंट गावातल्या दवाखान्यात सेफ्ट्रायॅक्सोनची सुई घेऊन आलेला असतो, तेव्हा रेझिन असलेल्या बाटल्याच मागवा. रेझिन अँटिबायोटिक शोषून घेतं.

कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून धरायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शॉकमध्ये असलेल्याला तासाच्या आत डोस गेला पाहिजे. चार बाटल्या भरायला दहा-बारा मिनिटं पुरतात.

आता पॅनेलकडे. त्याची निंदा करायची नाही, ते फार चांगलं साधन आहे. बीसीआयडी-२ मध्ये ४३ लक्ष्यं आहेत: ३३ जंतू आणि बुरशी, १० रेझिस्टन्सची जनुकं. दोन मिनिटांचं हातकाम, पुढचं मशीन करतं, सव्वा तासाच्या आत उत्तर. प्लेटवर दोन-तीन दिवस घेणारी आणि कधी चुकून ओळखली जाणारी कॅन्डिडा ऑरिससुद्धा त्यात आहे. काही उत्तरं इतकी उपयोगी आहेत की त्यांच्यावर डोळे झाकून हालचाल करावी. स्टॅफ ऑरियस आला आणि मेक-ए निगेटिव्ह असेल तर व्हॅन्को बंद करून सेफाझोलिन. व्हॅन्को तिथे कमी पडतं. स्टॅफ ऑरियस कधीही कातडीचा समजून सोडायचा नाही, एका बाटलीत आला तरी. दोन सेटपैकी एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस, पेशंटला व्हॉल्व्ह नाही, लाइन नाही, तर व्हॅन्को थांबवता येतं. एन्टरोकॉकसमध्ये व्हॅन-ए (व्हॅन्कोला दाद न देण्याचं जनुक) आलं तर लिनेझोलिड किंवा डॅप्टोमायसिन, त्याच दिवशी.

ग्रॅम निगेटिव्हला मात्र जपून. आपल्याकडे क्लेब्सिएला आणि ई. कोलायमध्ये कार्बापेनेमेज (मेरोसारखी औषधं निकामी करणारी एन्झाइम) म्हटलं की मुख्यतः एनडीएम आणि ऑक्सा-४८ च्या घराण्यातले, दोन्ही एकत्रही भरपूर. केपीसी क्वचित. एनडीएम पॉझिटिव्ह आलं की मेरो गेलं, आणि नुसतं सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टमही गेलं, कारण अ‍ॅविबॅक्टम एनडीएमला अडवत नाही. त्याला अ‍ॅझट्रिओनॅमची जोड द्यावी लागते. नुसतं ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम एकटं पुरतं. महागडं औषध सुरू करायचं की नाही, आणि एक की दोन, हा निर्णय पॅनेल दोन दिवस आधी देतं. त्याची खरी किंमत इथे वसूल होते.

गोंधळ होतो तो ‘नॉट डिटेक्टेड’ या शब्दांवर. पॉझिटिव्ह जनुक म्हणजे औषध चालणार नाही, हे बहुतेक वेळा धरता येतं. निगेटिव्ह जनुक म्हणजे औषध चालेल, हे धरता येत नाही. सगळ्यात धोक्याचं उदाहरण अ‍ॅसिनेटोबॅक्टर. आयसीयूतला अ‍ॅसिनेटोबॅक्टर मेरोला दाद देत नाही तो प्रामुख्याने ऑक्सा-२३ मुळे, आणि ते जनुक या पॅनेलमध्ये नाहीच. रिपोर्टवर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, खाली एनडीएम नाही, व्हीआयएम नाही, आयएमपी नाही, केपीसी नाही असं छापून येतं. रात्रीच्या ड्युटीचा डॉक्टर ते वाचून मेरो चालू ठेवतो. स्युडोमोनासचंही तसंच, तो पोरिन (औषध आत शिरायची दारं) बंद करून आणि औषध बाहेर फेकून रेझिस्टंट होतो, त्याचं जनुक शोधायला पॅनेलकडे काही नाही. सीटीएक्स-एम निगेटिव्ह म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन चालेलच असं नाही. एमसीआर-१ निगेटिव्ह म्हणून कोलिस्टिन चालेल असंही नाही, आपल्याकडचा कोलिस्टिन रेझिस्टन्स बहुतांशी जंतूच्या स्वतःच्या क्रोमोसोममधल्या बदलातून येतो. म्हणून पॅनेल लावलं तरी बाटलीचं सबकल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करायचीच. तो खर्च तसाच राहतो.

दुसरी खबरदारी ग्रॅम स्टेनची. पॅनेल जनुकद्रव्य शोधतं, जंतू जिवंत आहे की मेलेला हे त्याला कळत नाही. बाटलीतल्या माध्यमात मेलेल्या जंतूंचं डीएनए राहून गेल्याने खोटे पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत. काचेवर नुसते गुच्छातले ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय दिसताहेत आणि पॅनेल स्टॅफबरोबर प्रोटियसही सांगतंय, तर त्या प्रोटियसवर विश्वास ठेवण्याआधी प्लेट बघा. उलट काचेवर ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय भरपूर आणि पॅनेल सगळंच निगेटिव्ह, तर जंतू पॅनेलच्या यादीबाहेरचा आहे. मेलिऑइडोसिसचा बर्खोल्डेरिया यादीत नाही. आणि आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा ब्रुसेला, तोही नाही.

ब्रुसेलाबद्दल थोडं विषयांतर. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा मेंढपाळांचा पट्टा, माडग्याळी मेंढ्या तर प्रसिद्धच. तीन आठवड्यांचा ताप, कंबर धरलेली, घाम, घरात शेळ्या-मेंढ्या, गाभडलेल्या जनावराची वार हाताने काढलेली, असा पेशंट असेल तर फॉर्मवर मोठ्या अक्षरात ‘ब्रुसेला?’ लिहा. लॅबला त्याचा उपयोग निदानापेक्षा स्वतःच्या जिवासाठी आहे. बारीक, फिकट रंगलेले ग्रॅम निगेटिव्ह कॉकोबॅसिलाय दिसले की पुढचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायचं असतं, प्लेट उघडून वास घ्यायची सवय तिथे महागात पडते. आणि पावसाळ्यानंतरचे स्क्रब टायफस, उसाच्या फडातले, पुराच्या पाण्यात वावरलेले लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट: हे नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये वाढत नाहीत, म्हणून पॅनेलवरही येत नाहीत. बाटल्या पाच दिवस निगेटिव्ह म्हणून डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) थांबवू नका.

आता स्वस्त मार्ग, ज्याची जाहिरात करायला कुणी येत नाही. युरोपच्या युकास्ट या समितीने २०१८ मध्ये पॉझिटिव्ह बाटलीवरून थेट अँटिबायोटिकच्या डिस्क लावायची पद्धत आणली, तिला रास्ट म्हणतात. बाटली वाजली की हलकेच उलटसुलट करून तिच्यातलं रक्त पातळ न करता १२५ मायक्रोलिटर, २५ इकडेतिकडे, मुलर-हिंटन प्लेटवर पसरायचं, नेहमीच्याच डिस्क लावायच्या, पंधरा मिनिटांत प्लेट ३५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. ४, ६ आणि ८ तासांनी झाकण काढून झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजायचे. वेळ पाच मिनिटांच्या आत पाळायची, कारण चार तासांचे आणि सहा तासांचे कटऑफ वेगळे आहेत, आणि जंतूगणिकही वेगळे. जिथे झोनची कड धूसर दिसते किंवा माप मधल्या अनिश्चित पट्ट्यात पडतं, तिथे रिपोर्ट द्यायचा नाही, पुढच्या वेळेला पुन्हा बघायचं. चार तासांत सगळं वाचता येत नाही. आठ तासांत बरंच येतं. अडचण एकच: जंतूचं नाव माहीत हवं, नाहीतर कुठले कटऑफ लावायचे? आणि बाटली वाजल्यापासून १८ तासांच्या आत प्लेट लागली पाहिजे. डिस्क जनुक बघत नाही, औषध चालतं की नाही ते थेट बघते, म्हणून अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या बाबतीत मला सहा तासांची मेरोची डिस्क कोऱ्या पॅनेलपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

नाव कळण्यासाठी मॅल्डी-टॉफ (जंतूच्या प्रथिनांवरून नाव सांगणारं यंत्र) असलेल्या लॅबशी बोला. पॉझिटिव्ह बाटलीतल्या तांबड्या पेशी फोडून, धुऊन, गाळ थेट मॅल्डीवर लावला की अर्ध्या-पाऊण तासात ग्रॅम निगेटिव्हचं नाव बहुधा मिळतं. ग्रॅम पॉझिटिव्हला आणि दोन जंतूंच्या मिश्रणाला ते चुकतं. कार्बापेनेमेजसाठी प्रेग्नन्सी टेस्टसारख्या पट्ट्या मिळतात. एनडीएम, केपीसी, ऑक्सा-४८, व्हीआयएम, आयएमपी पाचही पंधरा मिनिटांत. मूळ पद्धत प्लेटवरच्या कॉलनीसाठी आहे, पण चार-पाच तासांची कोवळी वाढही तिला पुरते. ही पट्टी एका पाऊचच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. ज्यांच्याकडे स्वतःचं जीनएक्स्पर्ट (क्षयरोगासाठी वापरतात ते जनुक-तपासणीचं यंत्र) आहे त्यांना स्टॅफसाठी एमआरएसएचं (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ ऑरियसचं) ब्लड कल्चर कार्ट्रिज मिळतं, साधारण तासाचं काम. क्षयरोग कार्यक्रमाचं यंत्र असेल तर ते त्या कामासाठी गृहीत धरू नका.

मग कोणी काय करावं? हे आकड्यांवर आहे. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून नमुन्यादाखल: महिन्याला ४० पेशंटची कल्चर, त्यातली १० टक्के पॉझिटिव्ह, म्हणजे चार. त्यातला एक कातडीचा. उरले तीन. ३० पाऊचची पेटी घेतली तर दहा महिने पुरेल, तोवर मुदत संपते का ते बघा. ‘मशीन फुकट’ असलेल्या करारात महिन्याला किमान इतके किट घ्यावेत असं कलम असतं. ते आकडे तुमच्या महिन्याच्या पॉझिटिव्ह बाटल्यांशी ताडून बघितल्याशिवाय सही करू नका. पाऊच साधारण १५ ते २५ अंशांत ठेवायचे असतात, उन्हाळ्यात ते चोवीस तास एसीशिवाय जमत नाही. मशीनला यूपीएस हवा. मधेच वीज गेली की पाऊच वाया, आणि तो पुन्हा लावता येत नाही.

तुमच्या जागी मी पॅनेलच्या आधी छोटं ब्लड कल्चर मशीन बघेन. ४० किंवा ६० बाटल्यांची यंत्रं मिळतात, टेबलावर मावतात. बाटली विट्यातच पंधरा मिनिटांत आत गेली, तर रविवार आणि तासगावचा फेरा, दोन्ही सुटले. वाजली की तुमच्याच टेक्निशियनने ग्रॅम स्टेन करायचा, काचेचा फोटो सांगलीला मायक्रोबायोलॉजिस्टला पाठवायचा, आणि बाटली लगेच रवाना करायची, सबकल्चर, रास्ट, पट्टी तिकडे होतील. यासाठी टेक्निशियनला ग्रॅमचं पुन्हा शिक्षण लागेल. जास्त वेळ स्पिरिटने धुतलं की स्टॅफ गुलाबी दिसतो आणि पेशंटला चुकीचं औषध जातं. वाजलेल्या बाटल्यांसाठी कॅबिनेट, आणि टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार असा कचरा तिथेच निर्जंतुक करून मगच पिवळ्या पिशवीत जातो. जतसारख्या लांबच्या रुग्णालयांना तर मी हाच मार्ग सुचवतो, चार तासांत बाटली पोचवणं त्यांच्या हातातच नसतं.

पॅनेल मग निवडक बाटल्यांवर, सांगली-मिरजेत ज्या लॅबकडे आहे तिथून करून घ्यायचं. शॉकमधला पेशंट, मेरो चालू असूनही बिघडणारा, केमोथेरपीतला, काचेवर यीस्ट दिसणारा, व्हॉल्व्ह किंवा पेसमेकर असलेला. मूत्रमार्गाचा ताप, उद्या घरी जाण्याच्या बेतात असलेला पेशंट आणि बाटलीत ई. कोलाय, याला पॅनेल लावून निर्णय बदलत नाही. हेच मशीन महिन्याला ५०-६० पॉझिटिव्ह बाटल्या असलेल्या, रात्रपाळीला टेक्निशियन असलेल्या मोठ्या रुग्णालयाने घ्यावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘हो’ असतं.

त्यांनाही एक अट घालतो: रिपोर्ट आला की तो कुणाला, कुठल्या नंबरवर, किती मिनिटांत कळवायचा आणि औषध कुणी बदलायचं, हे आधी लिहून ठेवा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी बघण्यासारखा आहे. तीन गट केले: नेहमीचं कल्चर, पॅनेल आणि रिपोर्टसोबत लिखित सल्ला, पॅनेल आणि शिवाय अँटिबायोटिक सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचा चोवीस तास फोन. जास्तीचं औषध उतरवायला (गरजेपेक्षा भारी अँटिबायोटिक कमी करायला) पहिल्या गटाला ३४ तास लागले, दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला २१. नुसत्या पॅनेलने उतरवणं लवकर झालं नाही, फोनने झालं. मृत्यूच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक दिसला नाही, हेही कंपनीच्या माणसाला विचारून बघा.

तुमच्या लॅबकडून आज, कुठलंही यंत्र न घेता, तीन गोष्टी मागून घेता येतील: रविवारची बाटली उचलण्याची सोय, बाटली वाजली की अर्ध्या तासात ग्रॅमचा फोन, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, आणि रिपोर्टवर बाटली मशीनमध्ये घातल्याची वेळ छापणं. तिसरी मागणी छोटी दिसते, पण लॅब ती छापायला लागली की पहिल्या दोन आपोआप सुधारतात. लॅब नाही म्हणाली तर दुसरी बघा, सांगली-मिरजेत लॅबना तोटा नाही.

नातेवाइकांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. पॅनेलचे पैसे सांगताना ‘या टेस्टने औषध ठरेल’ असं म्हणू नका. असं सांगा: बाटलीत जंतू सापडलाय, तो कुठला आणि आत्ताचं औषध त्याच्यावर निकामी आहे का, हे आज संध्याकाळपर्यंत कळेल, नक्की कुठलं औषध चालेल याचा रिपोर्ट त्यानंतर दोन दिवसांनी येईल, त्याचं बिल वेगळं. एनडीएम निघाला तर औषधाचा रोजचा खर्च किती वाढेल तेही पॅनेल पाठवायच्या आधीच बोलून घ्या. तेवढं औषध परवडणार नसेल तर त्यांच्यासमोर दुसरे पर्याय काय, मोठ्या रुग्णालयात हलवायचं का, हे ठरवायला त्यांना तो एक दिवस मिळतो.